एका शब्दाचा म्हेवणा

इंग्रजीत म्हणे शब्दांचे डोंगर आहेत. आताची पोरं ते डोंगर चढून चढून चष्मे लावून बसली, आणि तरी साहेबापुढं उभं केलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. माझ्या म्हेवण्यानं त्या सगळ्या डोंगरातून एकच खडा उचलला आणि त्याच्यावर उभी हयात काढली. तो खडा म्हणजे ‘लाईन’. भालकीपासून उदगीरपर्यंत आणि हुलसुरापासून गुलबर्ग्यापर्यंत एका शब्दावर ज्याचं कुठंच काही अडलं नाही असा दुसरा माणूस मला दाखवा, मी मिशी उतरवतो. मी चौथी शिकलेला माणूस. बोलताना थोडं वाढवून बोलत असेन, पण खोटं बोलत नाही.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहायला हुलसुरात. मी भालकीच्या अलीकडच्या खेड्यात. आमच्या आज्याच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आता नुसती काळी जमीन आणि दोन बैल. म्हेवणा हे नातं मोठं विचित्र. ते बायकोच्या जिवावर चालतं. ती आहे तोवर तो तुमच्या ताटात हक्कानं जेवतो, तुम्हाला नावं ठेवतो, तुमच्या बैलाचीही चौकशी करतो. ती गेली की दोर तुटलेली बादली. विहीर कुणाची आणि बादली कुणाची. माझी बायको गेली तेव्हा मला हीच धास्ती होती, की आता ह्याचं येणं बंद. पोरगं पुण्याला कंपनीत, लेक उदगीरकडं नांदायला. गावात तिला माझी बायको म्हणून ओळखणारे पुष्कळ. पण ती परकरी पोर असल्यापासूनची ज्याला ठावी, असा हा एकच. हा तुटला तर तिच्याबद्दल मी बोलावं कुणाशी? पोरगं तर रोज म्हणायचं, “बाबा, घराला कुलूप लावा अन् पुण्याला या.” ते पुढं सांगतो. आधी माणूस सांगतो.

हा शब्द त्याला सापडला चरात. टेलिफोनची तार जमिनीखालून घालायला आमच्या रस्त्याच्या कडेनं चर खणायचं काम निघालं, आणि म्हेवणा रोजगारानं तिथं गेला. ठेकेदाराची माणसं त्या चराला लाईन म्हणायची. सकाळी खणायला गेली की लाईनवर गेली, दुपारी भाकरी सोडली की लाईनवरच सोडली. म्हेवण्यानं चार दिवसांत फावडं टाकलं, पण शब्द घरी घेऊन आला. दिवे गेले की ‘लाईन गेली’ असं तर आमच्याकडं सगळेच म्हणतात. त्याचं तेवढ्यावर भागेना. पाऊस नीट पडायला लागला की ‘पावसानं लाईन धरली’. कुणाचं पोरगं हैदराबादला कामाला चिकटलं की ‘लाईनला लागलं’, आणि तेच पोरगं प्यायला लागलं की ‘लाईन सोडली’. दोन भाऊबंदांचं बोलणं बंद झालं की ‘लाईन कट’. लग्नातली पंगत म्हणजे लाईन. पोट बिघडलं तर तो बोटानं बेंबीपासून खाली खूण करायचा आणि म्हणायचा, “सकाळधरनं लाईन चालूच हाय, दाजी.” देवळात बुवा आत्मा-परमात्मा समजावून सांगत बसले की हा मागं भिंतीला टेकून मान डोलवायचा, “ह्यांची डायरेक लाईन हाय.” माझी बायको चिडायची. “मेल्या, तुझ्या तोंडात दुसरा शब्द न्हाई का रं?” तर म्हणायचा, “हाय की अक्के. पर लागंना.”

आणि खरंच लागत नव्हता. आमच्या भागात माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड ऐकतो आणि बाजारात हैदराबादी उर्दूत भाव करतो. एका भाषेत तोंड उघडलं की दुसऱ्या भाषेचा माणूस आपल्याकडं बघतच राहतो. म्हेवण्याचं तसं नव्हतं. “लाईन एल्ली अद री?” “लाईन किधर है भाई?” “लाईन कुठंय हो?” शब्द तोच, नुसतं शेपूट बदलायचं. माझ्या डोळ्यात मोती पडला तेव्हा मला घेऊन तो गुलबर्ग्याला गेला. स्टँडवर उतरल्याबरोबर ज्याला त्याला लाईन विचारत सुटला. कुणी हिकडं बोट दाखवलं, कुणी तिकडं. शेवटी एक लांबलचक रांग दिसली, आणि हा मला ओढत नेऊन तिच्या शेपटाला उभा राहिला. मी म्हटलं, “अरे, हे डोळ्याचंच हाय का बघ तरी.” म्हणतो कसा, “दाजी, लाईन हाय म्हंजे म्होरं काहीतरी हायच. उगं कोण उभं राहतंय उन्हात?” लाईन सरकली, सरकली, आणि आम्ही एका मठाच्या दासोहात, म्हणजे अन्नछत्रात जाऊन पोचलो. हातात पत्रावळ आली, वर गव्हाची गोड हुग्गी, भात, सांबार. म्हेवणा दोनदा मागून जेवला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिथला दरवाजा लागला होता. रात्र धर्मशाळेत काढून दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, “डोळं दाखवाया गेले अन् पोट दाखवून आले.” ती हे पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगायची, आणि प्रत्येक वेळी पत्रावळीत एक पदार्थ वाढवायची.

धंदे त्यानं किती केले ते त्यालाही सांगता यायचं नाही. बोअरच्या लाईनीत होता. हातावर नारळ आडवा ठेवून दुसऱ्याच्या शेतात पाणी शोधायचा, आणि नारळ उभा राहिला नाही तर अंगठ्यानं उभा करायचा. माझ्या शेतात त्यानं जिथं नारळ उभा केला तिथं नुसता फुफाटा निघाला. मी तोंडावर बोललो, “तुझ्या नारळात पाणी, माझ्या भुईत धूळ.” तर म्हणाला, “दाजी, पाणी हाय. लाईन जरा तिरकी गेली.” मग प्लॉटच्या लाईनीत गेला. मग उसाच्या टोळ्या आणायच्या लाईनीत. कुठंही बुडाला तरी चेहरा कधी पडला नाही. लाईन वाईट निघायची, माणूस कधीच नाही.

एक धंदा मात्र त्याला जन्मजात शोभला. भालकीच्या स्टँडाजवळ त्यानं एसटीडीचा डबा टाकला. ज्यानं फोनची तार पुरायला चर खणला तोच आता तारेच्या टोकाला खुर्ची टाकून बसला. तेव्हा आमच्याकडची पोरं पुणं, भिवंडी, हैदराबाद अशी चहूकडं पांगायला लागली होती, आणि खेड्याखेड्यांतल्या म्हाताऱ्या बाजारच्या दिवशी पिशवी सांभाळत त्याच्या डब्यापुढं येऊन बसायच्या. फोन लागला की म्हेवणा बाहेर डोकं काढून ओरडायचा, “लाईनवर हाय!” आणि शेजारचा न्हावी कात्री थांबवायचा, पानवाला चुन्याची डबी वाजवायचा बंद व्हायचा. दरारा होता. बायाबापड्यांना त्या फोनची भीती. म्हणून बोलायचा हाच. ती सांगणार, हा तिकडं ओरडून पोचवणार, तिकडचं ऐकून इकडं सांगणार. पण पोचवताना तो चाळून घ्यायचा. सासू म्हणायची, “सांग त्याला, तुझी बायकू भाकरी टाकून मारती अंगावर.” हा फोनात म्हणायचा, “आई म्हणायली, सून वेळच्या वेळी जेवाया वाढती.” मी एकदा समोर बसून हे ऐकलं आणि विचारलं, “कामून खोटं सांगायलास?” म्हणाला, “दाजी, लांबच्या लाईनीवरनं भांडण पाठवू नये. तिथं पोरगं एकटं असतंय. भांडून घ्याया माणूस जवळ पायजे.” मला ते पटलं, पण मी तसं त्याला सांगितलं नाही. म्हेवण्याला एकदा मोठेपणा दिला की तो उतरवून घेता येत नाही.

माझी बायको पुण्याला पोराशी बोलायला जायची तेव्हा तर तमाशाच. एरवी माझ्यावर गावाला ऐकू जाईल असं ओरडणारी बाई, फोन कानाला लावला की नुसती मान हलवायची. पोरगं तिकडून विचारायचं, “आई, जेवलीस का?” ही मान हलवायची. “तब्येत बरी हाय का?” मान. मग म्हेवणा शेजारून वाकून फोनात सांगायचा, “व्हय म्हणायली रं. मान हलवायली अक्का.” थोड्या वेळानं, “आता डोळं पुसायली. पर बरी हाय.” आणखी थोड्या वेळानं, “आता हसायली.” पोरगं तिकडं, आई इकडं, आणि मधे हा असा सांगत बसलेला. पोरगं सुट्टीला आलं की म्हणायचं, “बाबा, मामा बोलायला लागला की मला आई दिसती.”

लेकीच्या वेळेची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. तिला बघायला पहिला मुलगा आला तो पुण्यात कंपनीत होता. शर्ट इस्त्रीचा, बोटात अंगठी. म्हेवण्यानं मामाच्या अधिकारानं मांडी घालून विचारलं, “पोराची लाईन काय?” बापानं सांगितलं, कंपनीची. बरोबर सांगितलं. पण पोरगं लालबुंद झालं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. आत माझी बायको पोहे परतत होती, तिनं दाराच्या फटीतून हे बघितलं. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “त्याचं मन दुसरीकडं हाय.” म्हेवण्यानं लगेच पुण्याला आमच्या पोराकडून चौकशी काढली, तर खरंच, तिथं कुणा मुलीशी आणाभाका झालेल्या. बापाच्या धाकानं आला होता बिचारा. म्हेवण्यानं त्याच्या बापाला डब्यावर बोलावून समजूत घातली आणि त्या दोघांचं लग्न लागलं. हा त्या लग्नात वाढायला होता. आमच्या लेकीला पुढं चांगलं स्थळ मिळालं. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं शाबास म्हटलं.

मोबाईल आले आणि डबा बसला. म्हातारीच्या कमरेला पिशवीत फोन आला, मग मधे बोलणारा कशाला पाहिजे? म्हेवण्यानं खुर्ची मोडीत घातली आणि टमटम घेतली. भालकी-हुलसूर. आत दाटीवाटीनं माणसं, मागं लोंबकळणारी पोरं, टपावर कांद्याची पोती. “लाईनीनं बसा, लाईनीनं,” असं ओरडत हा सगळ्यांना रचायचा.

दर पंचमीच्या आदल्या दिवशी मात्र ती टमटम रिकामी यायची. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी न्यायची, आणि तिला न्यायला भाऊ येतो तो मुराळी. आमचं लग्न झाल्यापासून हा मुराळी चुकला नाही. आधी पोरवयात चालत आला, मग सायकलीवर, मग बसनं, मग टमटम घेऊन. आणि दर वर्षी आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, “रानात खुरपण पडलंय, आवंदा नको.” हा म्हणायचा, “तुमचं खुरपण पळून जात न्हाई, दाजी. पंचमी जाती.” आणि ओट्यावर बसून राहायचा. बायको आतून आवाज न करता पिशवी भरायची. ती निघाली की मी बैलाला उगाच ओरडायचो. हे तिघांनाही माहीत होतं. भांडण झालं नसतं तर तिला चुकल्यासारखं झालं असतं.

ती चैतात गेली. ताप आला, उतरला, परत आला आणि तिला घेऊन गेला. मातीला सगळा गाव जमला होता, आणि म्हेवणा अंगणात उभा राहून माणसं लावत होता. “बायकांची लाईन हिकडनं. बापय माणसं तिकडनं. गर्दी करू नगा. लाईनीनं या, लाईनीनं.” आमच्या गल्लीतले लिंगायताचे वडीलधारे अप्पा भडकले. “अरे, मयत हाय का जत्रा?” मी म्हटलं, “अप्पा, ओरडू द्या त्याला. थांबला तर पडंल तो.” आणि तसंच झालं. माती देऊन लोक वळले, रांग लावायला कुणी उरलं नाही, आणि तो जागेवरच खाली बसला. तेराव्याला आला. मला टॉवेल-टोपीचा आहेर केला, ताटावर बसला, घास काही गिळला नाही, उठून गेला.

मग आला नाही. वैशाख गेला, पेरण्या झाल्या. रस्त्यानं टमटम वाजली की मी मान वर करायचो. दुसऱ्याचीच असायची. भालकीच्या बाजारात एकदा लांबून दिसला. त्यानंही मला बघितलं असावं, पण दोघंही आपापल्या पिशवीत बघत गेलो. मी मनाशी म्हटलं, झालं. धरायचा कुणाला राग? नात्याचा खुंटाच उपटला. पोराला फोनवर सांगितलं, पंचमी झाली की पुण्याला येतो.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. ते काम मला जमत नाही. खडे राहतात आणि तांदूळ उडतो. गल्लीच्या तोंडाला टमटम वाजली. मी मान वर केली नाही. गाडी माझ्या दारात येऊन थांबली, इंजिन तसंच धडधडत, आणि नेहमीच्या आवाजात म्हेवणा ओरडला, “अक्के! आवर बिगी! माघं लाईन लागलीय, गाडी बंद करत न्हाई म्या!”

समोरच्या घरची अप्पांची बायको हातात खराटा घेऊन होती तशीच राहिली. मी सुपावरनं मान वर केली. म्हेवण्याचा हात हँडलवर. तोंड उघडंच. त्याच्या ध्यानात आलं ते मी बघितलं. माणसाच्या तोंडावरनं रक्त असं उतरताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

त्यानं गाडी बंद केली. उतरून आला आणि ओट्याच्या कडेला टेकला.

“सकाळी उठलो, आंघोळ केलो, गाडी धुतलो अन् निघालो बघा, दाजी,” तो म्हणाला. “हिथं येस्तोवर ध्यानातच न्हाई.”

“तुझ्या बायकोनं तरी सांगायचं न्हाई का?”

“ती बी डब्यात लाह्या भरून दिली. म्हणली, अक्काला वाटंत भूक लागती.”

मग तो उठला. मी त्याला बस म्हणू शकलो नाही. त्यानं गाडीला हात लावला तेव्हा अप्पांची बायको खराटा टाकून रस्त्याच्या मधे आली.

“कुठं निघालास? मुराळी रिकामी गाडी घेऊन माघारी जातंय का कुठं? वंगाळ असतंय ते.”

“मग काय करू, मावशी? कुणाला नेऊ?”

“हे बसलंय की, तांदूळ सांडत. ह्याला ने.”

मी म्हटलं, “मी काय माहेरवाशीण हाय?”

म्हेवणा माझ्याकडं बघत राहिला. मग पुढं येऊन त्यानं माझ्या मांडीवरचं सूप उचललं आणि बाजूला ठेवलं. “चला, दाजी.”

“अरे, पंचमीला बापय माणूस सासुरवाडीला जाऊन काय करू? फुगडी खेळू?”

“खेळा, न्हाईतर बघत बसा. पर चला.”

“रानात खुरपण पडलंय,” मी म्हटलं. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

“तुमचं खुरपण पळून जात न्हाई,” तो म्हणाला आणि गाडीकडं वळला.

मी आत जाऊन पिशवी भरली. एक धोतर, एक सदरा, टोपी. वाटभर लाह्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. हुलसुराच्या वेशीत कुणीतरी विचारलं, “दाजी, आज कुणीकडं?” म्हेवण्यानं मान बाहेर काढून सांगितलं, “माहेरला आणलोय त्यास्नी.” तो माणूस हसला आणि हसता हसता थांबला.

दारात म्हेवण्याची बायको भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभीच होती. माहेरी आलेल्या लेकीवरनं तुकडा ओवाळून टाकायचा असतो. गाडीतून कोण उतरलं ते बघून तिचा हात जागीच थांबला. मी म्हटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. पदर नीट करून पुढं आली, माझ्यावरनं तुकडा ओवाळला, दोन्ही बाजूंना पाणी सोडलं आणि म्हणाली, “या.”

दुसऱ्या दिवशी बायका गात वारुळाला जाऊन आल्या. परसात लिंबाच्या फांदीला दोर बांधून झोका तयार होता. गल्लीतल्या पोरीबाळी भोवती जमल्या होत्या, पण बसत कुणीच नव्हतं. घरच्या थोरल्या लेकीनं पहिला झोका घ्यायचा, मग बाकीच्यांनी, अशी त्या घरची रीत. दोर वाऱ्यानं हलत होता. मी दारात उभा होतो. म्हेवणा त्या दोराजवळ गेला, फळी हातानं पुसली आणि माझ्याकडं बघितलं.

“या, दाजी. बसा.”

पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझी मिशी पांढरी, गुडघे वाजणारे, कमरेला धोतर. मी एकदा सगळ्यांकडं बघून घेतलं आणि जाऊन बसलो. म्हेवणा माझ्या मागं गेला. त्याचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच थोडा वेळ राहिला.

“घट्ट धरा, दाजी,” तो हळूच म्हणाला. “अक्का लई उंच घ्यायची.”

मी दोर घट्ट धरला.